फुफींच्या तालमीतलं एमबीए

माझ्या मित्राच्या फुफींइतकं ठामपणे चुकणारं माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरं सापडणार नाही. चुकणारी माणसं तशी पुष्कळ असतात, मी स्वतः त्यांच्यात बऱ्यापैकी वरच्या नंबरात आहे. पण आम्ही बाकीचे चुकतो ते चाचरत, घसा खाकरत, जमिनीकडं बघत. फुफी चुकतात त्या मान ताठ ठेवून, शब्द न् शब्द स्पष्ट उच्चारून, आणि ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकत असावं अशी खात्री पटवून. आणि माझ्या आयुष्यात ज्या वर्षी बरोबर असण्याची सगळ्यात जास्त गरज होती, नेमक्या त्याच वर्षी मी स्वतःला या बाईंच्या हवाली केलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. एसटीचं तिकीट काढून मी स्वतःहून गेलो होतो.

फुफी म्हणजे आत्या. माझी नव्हे, जावेदची. जावेद आणि मी शिरूरच्या कॉलेजात बीबीएला एका बाकावर बसायचो; तो दौंडचा, मी तळेगाव ढमढेऱ्याचा. त्याची अम्मी तो लहान असतानाच गेली, अब्बा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात. तेव्हा त्याला वाढवलं ते फुफींनी. लग्न त्यांनी केलं नाही. का नाही केलं, असं मी एकदा आगाऊपणानं विचारलं, तर म्हणाल्या, "स्थळं आली होती. पण सगळे पुटपुटत बोलायचे." पुटपुटणं फुफींना चालणं शक्यच नव्हतं, कारण त्यांची उभी नोकरी दौंड स्टेशनावर माइकसमोर गेली. कुठली गाडी कुठून येणार, कुठं जाणार, कुठल्या फलाटाला लागणार, हे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत गावाला ऐकवायचं, हे त्यांचं काम. घर स्टेशनच्या मागच्या अंगाला. जावेद सांगतो, लहानपणी दुपारी तो घरात एकटा असायचा, पण फुफींचा आवाज खिडकीतून येत राहायचा, त्यामुळं एकटं असं कधी वाटलंच नाही. पुढं माइकवर मशीनचा आवाज आला, फुफींना चौकशीच्या खिडकीत बसवलं, आणि तिथूनच त्या रिटायर झाल्या. आवाज मात्र रिटायर झाला नाही. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा आतून सूचना आली होती, "जावेद आणि त्याचे मित्र, कृपया इकडे लक्ष द्यावे. दालचा-चावल वाढलेला आहे. हात धुऊनच बसावे." मी हात दोनदा धुतले.

मशीनवरच्या बाईशी फुफींचं हाडवैर. तिचा आवाज दिवसभर खिडकीतून येतो आणि फुफी दिवसभर तिच्याशी भांडतात. मेथी निवडता निवडता एकदम खिडकीकडं वळून ओरडतात, "श्वास घे! अगं श्वास घे!" मग आमच्याकडं बघून, "बाईला श्वासच नाही रे. श्वास न घेता बोलणाऱ्यावर पब्लिकनं भरोसा कसा ठेवायचा?" पब्लिकचा भरोसा अजून फुफींवरच आहे, ही खरी अडचण. आसपासच्या गल्ल्यांतली माणसं मोबाइल खिशात ठेवून गाडीची वेळ फुफींना विचारायला येतात, आणि फुफी जी सांगतात ती त्या नोकरीत होत्या तेव्हाची असते. शेजारचं एक वऱ्हाड सोलापूरला निघालं होतं. नवरदेवाच्या वडिलांच्या मोबाइलात एक वेळ, फुफींच्या डोक्यात दुसरी. पण फुफींनी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजापुढं मोबाइलच खोटा वाटायला लागला. वऱ्हाड फलाटावर पोचलं तेव्हा गाडी भिगवणच्या पुढं गेली होती, आणि नवरदेव शेवटी फेट्यासकट टेम्पोतून गेला. परत आल्यावर मंडळी तक्रार घेऊन आली. फुफींनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "गाडी लवकर सुटली. चूक तिची आहे." मंडळी समाधानानं घरी गेली. ती माणसं आजही त्यांनाच वेळ विचारतात.

मराठी भाषेतला एक शब्द फुफींना अजिबात खपत नाही, तो म्हणजे 'बहुतेक'. "गाडी बहुतेक तीन नंबरला येईल, असं मी माइकवर म्हणाले असते तर?" असं त्या डोळे मोठे करून विचारतात, आणि आपल्या डोळ्यांसमोर पुलावरून दोन्ही बाजूंनी पळणारी माणसं उभी राहतात. माझं बोलणं तेव्हा बहुतेकनंच सुरू व्हायचं आणि 'तसं म्हणजे'वर संपायचं. पहिल्याच भेटीत मी म्हणालो होतो, "फुफी, मी बहुतेक तसं म्हणजे एमबीए करावं म्हणतोय." त्यांनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत, आता हे कुणीतरी हातात घेतलं पाहिजे, असा भाव होता.

एमबीएचा ताप मला शेवटच्या वर्षाला असताना चढला होता. काचेची बिल्डिंग, गळ्यात पट्टा, हातात कॉफीचा कागदी पेला, असं माझं भविष्य मला मोबाइलवर रोज दिसायचं. 'स्ट्रॅटेजी' हा शब्द मी आरशापुढं म्हणून बघायचो. तोंडात बरा बसायचा. प्रवेशपरीक्षेत मला चक्क चांगले मार्क पडले. खाली पर्याय दिलेले असले की मला इंग्रजी येतं. पुण्यातल्या एका नाव असलेल्या संस्थेकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. आता एकच घोडं अडलं होतं ते अनुभवाचं. मुलाखतीला येणारी बहुतांश पोरं नोकरी करून आलेली असतात, असं सगळे सांगत होते. माझा अनुभव म्हणाल तर मी आमच्या गणेश मंडळाचा उपाध्यक्ष होतो, आणि आमच्या मंडळात अध्यक्ष सोडला तर सगळे उपाध्यक्षच आहेत.

कॉलेजातले सर म्हणाले, आधी कुठंतरी नोकरी कर, जग बघ, मग जा. जावेद तर रांजणगावच्या एका कारखान्यात इंटरव्ह्यू देऊन बसलाही होता, तो म्हणाला, "पहिले काम क्या होता वो तो देख. मॅनेज बाद में कर." आमचे आबा म्हणजे माझे वडील, ऊस आणि तरकारी करणारे बागायतदार, सोसायटीचे संचालक, त्यांचं मत अगदी सरळ होतं. "शिकायचं ते एकदमच शिकून घ्या. परत परत कोन जातंय तिकडं?" या सगळ्यांचं ऐकून मी चांगलाच घोटाळलो आणि जावेदबरोबर दौंडला गेलो. फुफींनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"मधल्या स्टेशनावर उतरायचं नाही."

"पण फुफी, अनुभव..."

"पाणी भरायला म्हणून उतरतात आणि गाडी सुटते. नाही सुटली तरी सीट जाते. तू बसून राहा. मी तयारी करून घेते."

कुठल्याच बिझनेस स्कूलच्या दारातून फुफी कधी आत गेल्या नव्हत्या, मुलाखत त्यांनी आयुष्यात एकदाच दिली होती आणि तीही माइकवर. पण त्या 'मी तयारी करून घेते' अशा काही म्हणाल्या की सर, जावेद आणि आबा तिघेही माझ्या डोक्यातून उतरून गेले.

त्यानंतर रविवार आला की मी शिरूरहून दौंडची बस धरायचो. बाहेरच्या खोलीत पॅनेल बसायचं. मधोमध फुफी, पुढ्यात भाजीची परात. उजवीकडं जावेद, त्याला भूक लागलेली. आणि डावीकडच्या खुर्चीवर एक उशी उभी करून ठेवलेली. पॅनेलवर कमीत कमी तिघं असतात असं फुफींना कुणीतरी सांगितलं होतं. उशीला 'प्रोफेसरसाहेब' म्हणायचं, आणि उत्तर देताना अधूनमधून त्यांच्याही डोळ्यांत बघायचं, असा नियम होता. मी एकदा हसलो तर फुफी म्हणाल्या, "हसतोस काय? तिथंही एक जण असाच असणार, न बोलणारा. खरा मार्क देणारा तोच." मला दारातून पुन्हा पुन्हा आत यायला लावायच्या. बाहेर जायचं, दार वाजवायचं, 'मे आय कम इन' म्हणायचं. शेजारणी आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसायला लागल्या. त्यातली एक आजी तर मी बाहेर आलो की विचारायची, "झालं का रं तुझं? घेतलं का आत?"

फुफींच्या सूचना पुष्कळ होत्या आणि त्यातल्या एकीलाही जगात कुठं आधार नव्हता. मुलाखतीच्या आधी पाणी पिऊ नये, दूध प्यावं, म्हणजे आवाज गोल होतो. हसू नये, हसणाऱ्याला काम सांगावंसं वाटत नाही. प्रश्न कळला नाही तर लगेच उत्तर द्यावं, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यालाच आपण काय विचारलं याची शंका येते. 'स्वतःबद्दल सांगा' याचं उत्तर त्यांनी माझ्याकडून त्यांच्या चालीत घोटून घेतलं. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, गावाचं नाव कसं टाकायचं. मी झोपेत तेच म्हणतो, अशी आईनं तक्रार केली.

कपड्यांचाही भार फुफींनी उचलला. दौंडात त्यांच्या ओळखीचा एक शिंपी होता, फार कसबी माणूस. फक्त गेली कित्येक वर्षं तो लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवत होता. त्यानं माझं माप घेतलं आणि हात सवयीनं चालला. ब्लेझर मरून रंगाचा झाला, त्याला चकाकणारी पिवळी बटणं लागली, आणि खांद्यावर काहीतरी लावायची त्याची फार इच्छा होती ती मी कशीबशी मोडून काढली. मी तो घालून उभा राहिलो. जावेदनं तोंडात रुमाल कोंबला. फुफी मला एकदा फिरून बघून म्हणाल्या, "आता कसा मॅनेजर दिसतोस!"

इकडं गावात निराळंच चाललं होतं. मुलाखतीला बोलावलं म्हणजे घेतलंच, असं आबांच्या मित्रमंडळींनी ठरवून टाकलं आणि बाजाराच्या तोंडाशी माझा फ्लेक्स लागला. फोटो चुलतभावाच्या लग्नातला, डोक्याला फेटा, डोळ्याला गॉगल. वर मोठ्या अक्षरांत, 'एम.बी.ए. पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे की पोटाच्या खालचा मी त्यातच संपलो होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी एक कोथिंबीरवाली माझ्या सावलीला बसायची. लोक मला हात करून विचारायचे, "काय मॅनेजर, कवा जायचं?" मी आबांना म्हणालो, अजून निवड व्हायचीय. ते म्हणाले, "हुईल की. न व्हायला काय झालं?" त्या बोर्डाखालून मी मान खाली घालून जायचो. निवड झाली नाही तर तळेगावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती, कारण ते आधीच, एवढं मोठं करून, दाखवून झालं होतं.

मुलाखतीच्या दिवशी मी दूध पिऊन, मरून ब्लेझर घालून पुण्यात त्या काचेच्या बिल्डिंगपाशी पोचलो. गेटवरच्या गार्डनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, "कॅटरिंगवाले पीछे के गेट से." मी बोलावणं दाखवल्यावर त्यानं सलाम केला, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. आत काळ्या-करड्या कोटांची रांग बसलेली, प्रत्येकाच्या तोंडी आपापल्या कंपनीचं नाव. मी बटणांवर फाइल धरून बसलो.

पॅनेल खरोखरच तिघांचं होतं, दोन सर आणि एक मॅडम, आणि एक सर खरोखरच बोलत नव्हते. फुफींबद्दलचा माझा आदर एकदम वाढला. मधल्या सरांनी विचारलं, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." मी श्वास घेतला, योग्य जागी थांबलो, आणि माझ्या तोंडून खणखणीत बाहेर पडलं, "आय ॲम कमिंग फ्रॉम तळेगाव ढमढेरे, व्हाया शिरूर." न बोलणारे सर हसले. आधी नोकरी का केली नाही, असं विचारल्यावर फुफींचं 'सीट जाते' हे उत्तरही मी इंग्रजीत करून सांगितलं, की सर, मधे उतरलो तर जागा जाईल. मधले सर म्हणाले, "पण पुढच्या स्टेशनावरून चढणाऱ्यांकडं सांगायला काहीतरी असतं. तुम्ही वर्गात काय सांगणार?" त्यांनी हे रागावून विचारलं नव्हतं. तीन माणसं माझ्याकडं चांगल्या नजरेनं बघत होती. खरं सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण काचेची बिल्डिंग माझ्या डोक्यात गेली होती. मी म्हणालो की मी घरच्या शेतीमालाच्या व्यवसायाचं 'ऑपरेशन्स' बघतो.

बघणं खरं होतं. आबा आणि गडी क्रेट भरायचे आणि मी बांधावर बसून बघायचो.

मॅडम पुढं सरकल्या. त्या शेतकरी घरातल्या होत्या हे मला कसं कळावं? त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं, "सगळीकडं टोमॅटो जोरात दिसतोय, भाव पडणार हे कळतंय, अशा वेळी तुमच्या घरी लागवडीचं कसं ठरवता?" मी प्रोफेसरसाहेबांकडं बघावं तसं तिघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणालो, "डिमांड अँड सप्लाय, मॅडम." त्यांनी, क्रेट कुठले वापरता, माल कुठल्या बाजाराला जातो, असंही साधं साधं विचारलं. मला त्यातलं काही येईना. त्यांनी हळूच पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "थँक यू. जपून जा." ते 'जपून जा' मला फार लागलं.

निकाल आला तेव्हा मी शिरूरला कॉलेजात होतो. मोबाइलच्या पडद्यावर एकच ओळ होती आणि तिच्यात 'रिग्रेट' हा शब्द होता. स्टँडवर आलो. तळेगावची गाडी समोर लागलेली. तिच्यात बसलं की बाजारापाशी उतरायचं, आणि बाजारापाशी तो गॉगलवाला उभा. मी फोन बंद केला आणि दौंडच्या गाडीत चढलो. न्हावरा गेलं, चौफुला गेलं, पाटसला बस उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडली, आणि मला बरं वाटलं. कुठंच पोचू नये असं वाटत होतं. फुफींनी दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठलीही सूचना न देता बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात पिकअप थांबली. जावेदनं आबांना कळवलं होतं. आबा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "हाय का आमचं रत्न हितं?"

"चपला उजवीकडं काढा," फुफी म्हणाल्या. "आत या. बसा. चहा येतोय."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्यांना बसा म्हणायची कुणाची छाती होत नाही ते आमचे आबा चपला उजवीकडं काढून निमूट आत आले आणि प्रोफेसरसाहेबांच्या खुर्चीवर बसले. उशी कुठं ठेवावी ते न कळून त्यांनी ती मांडीवर घेतली.

"ताई," ते म्हणाले, "नंबर न्हाई लागला तर न्हाई लागला. सांगायला काय झालं व्हतं? ह्याची आई जेवली न्हाई काल. फोन बंद करून बसायचं म्हंजी काय?"

मी फरशीकडं बघत होतो. फुफींनी कप आबांच्या हातात दिला, पदर सारखा केला, आणि अगदी माइकसमोर बोलावं तशा स्पष्ट म्हणाल्या, "पोराचं काही चुकलं नाही. तालीम माझी होती. मी शिकवलं तसं तो बोलला. माझं चुकलं."

आत चहाचं भांडं विसळणारा जावेद तसाच दारात येऊन उभा राहिला. "फुफी?" एवढंच म्हणाला. गाडीला लवकर सुटल्याबद्दल दोषी धरणारी ही बाई; तिच्या तोंडून हे दोन शब्द त्यानं जन्मात ऐकले नव्हते. आणि ते धडधडीत खोटे होते.

मला ते ऐकवेना. "नाही आबा," मी म्हणालो, "फुफींनी शिकवलं तेवढंच बरं झालं. मीच खोटं बोललो." आणि सगळं सांगितलं, ऑपरेशन्स, बांध, मॅडम, टोमॅटो.

आबा ऐकत होते. मग सावकाश म्हणाले, "म्हंजी आपला धंदा तू बघतो?"

"तसं म्हणालो मी."

"आन् टोमॅटोचं काय सांगितलंस त्या बाईंना?"

"डिमांड अँड सप्लाय."

आबांच्या हातातला कप हलायला लागला. मला वाटलं आता हे अंगावर येतायत. पण आबा हसत होते. उशीत तोंड घालून, खांदे गदागदा हलवत. "आरं येड्या," डोळे पुसत ते म्हणाले, "मला त्या खुर्चीवर बसवलं आसतं तर मला बी न्हाई सांगता आलं आसतं. मी दर साली लावतो आन् दर साली चुकतो. कवातरी लागून जातंय, तेवढ्यावर चाललंय."

"मग पुढच्या वर्षी मुलाखतीला तुम्हीच बसा," फुफी गंभीरपणे म्हणाल्या. "तुमचा आवाज चांगला आहे."

मी हळूच फ्लेक्सचं विचारलं. आबा म्हणाले, "त्याच्यावर कवाच सरपंचाच्या भाच्याचा वाढदिवस लागलाय. कोन बघतंय तुला?" इतके दिवस मी ज्याच्या भीतीनं मरत होतो ते गावानं एका वाढदिवसाखाली झाकून टाकलं होतं. हायसं वाटलं आणि थोडा अपमानही झाला.

परतताना पिकअप कासुर्डीपर्यंत आली. मग आबा म्हणाले, "त्या बाईंचं काय चुकलंच नव्हतं की रं."

"न्हाई."

"मंग म्हनल्या कशापायी?"

आबांनी गिअर बदलला आणि स्वतःच म्हणाले, "लई दमाची बाई हाय." आमच्या आबांच्या तोंडून असं कौतुक मी साखर कारखान्याच्या माजी चेअरमनबद्दलही ऐकलेलं नाही.

त्या वर्षी मी आबांबरोबर बाजाराला जायला लागलो, यावेळी क्रेट उचलत. पुढं जावेदनं रांजणगावला त्याच्याच कारखान्यात मला चिकटवलं, माल बाहेर पाठवायच्या खात्यात. ट्रक वेळेवर न आल्याबद्दल शिव्या खाणं आणि वेळेवर आल्याबद्दलही शिव्या खाणं असं ते काम होतं. काही वर्षं ते करून पुन्हा अर्ज केला, साधा निळा शर्ट घालून मुलाखतीला गेलो, आणि पुण्यातच एका बऱ्या संस्थेत प्रवेश मिळाला. टोमॅटोचं कुणी विचारलं नाही. सगळी तयारी करून गेलो होतो, मला जरा वाईटच वाटलं. बातमी सांगायला दौंडला गेलो. फुफींनी माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी पहिल्यापासून सांगत होते. आधी नोकरी करावी. अनुभव लागतो." मी जावेदकडं बघितलं. जावेद छताकडं बघत होता. मी म्हणालो, "हो फुफी, तुम्ही सांगितलं होतं."

आता मी होस्टेलवर राहतो. वर्गात थेट पदवीनंतर आलेली पोरं आहेत, माझ्यापेक्षा हुशार, आणि त्यांना पाहिलं की अनुभव नाही म्हणून आपण उगाचच घाबरलो होतो असंही वाटतं. जावेदची बदली पुण्याच्या ऑफिसला झाली. गुडघ्यांमुळं फुफींना एकटं ठेवणं बरं नव्हतं, म्हणून तो त्यांना हडपसरच्या पुढं एका फ्लॅटमध्ये घेऊन आला. दौंडचं घर बंद आहे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, हवेशीर, खाली बाग वगैरे. पण तिथं कुणी काही विचारायला येत नाही. वॉचमन बिहारचा आहे, त्याला सगळं मोबाइलवर कळतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा फुफी गॅलरीत बसल्या होत्या आणि मी आत येऊन चपला कुठंही काढल्या तरी काही बोलल्या नाहीत.

हल्ली त्या विचारतात. औषध जेवणाआधी घेऊ की नंतर, आज बाहेर जाण्यासारखं ऊन आहे का, दौंडचं घर भाड्यानं द्यावं का. आणि विचारून आमच्या तोंडाकडं बघत बसतात. आम्ही दोघं सांगतो. जावेद नीट सांगतो, मी तर आता शिकलेला आहे. त्या मान डोलवतात. त्या विचारतात आणि आम्ही सांगतो, आणि तिघांपैकी कुणालाच ते फारसं आवडत नाही.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा चहा त्यांनी स्वतः केला. जावेद नको म्हणत होता, पण त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "साखर बघ रे. बरोबर झालीय का?"

मी घोट घेतला. साखर घालायचीच राहिली होती. मी म्हणालो, "फुफी, थोडी कमी आहे."

त्यांनी माझ्या हातातला कप घेतला, एक घोट स्वतः घेतला, मान ताठ केली, आणि कप परत माझ्या हातात ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.